तोरणमाळची चढण आणि साहसाचे ग्रंथ

3 जून 1950 रोजी अन्नपूर्णेच्या शिखरावर पोहोचलेल्या मॉरिस हर्झॉगने, हिमदंशाने हातापायांची बोटे गमावल्यावर, रुग्णशय्येवरून सांगून लिहविलेला ग्रंथ ज्याने एकदा वाचला, त्याच्या मनात गिर्यारोहणाच्या वाङ्मयाचा एक साचा कायमचा बसतो: कोणी न चढलेले शिखर, मृत्यूशी गाठ, आणि अखेरीस ध्वजासह छायाचित्र. तो साचा घेऊन सातपुड्यातील तोरणमाळकडे वळणाऱ्या वाचकाची मात्र निराशाच व्हावयाची. कारण अकराशे मीटरांहून उंच अशा या पठारावर प्रथम कोण चढला, हा प्रश्न तेथे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही, आणि यशवंत तलावाच्या काठी वस्ती करून राहिलेल्यांना तो विचारणे हास्यास्पदच ठरेल.

1818 साली खानदेश इंग्रजी अमलाखाली आला तेव्हा नव्या सरकारला या डोंगरांत साहस नव्हे, बंदोबस्त हवा होता. पहिला पोलिटिकल एजंट कॅप्टन ब्रिग्ज याने भिल्ल नाइकांना नेमणुका देऊन घाटवाटांची राखण त्यांच्याच गळ्यात घातली, तर 1825 साली जेम्स औट्रमने धरणगावी भिल्ल पलटण उभारली. औट्रमच्या वाघाच्या शिकारींची वर्णने त्याच्या चरित्रकारांनी रंगवून लिहिली आहेत. ती वाचताना हाके देणारी, माग काढणारी, वेळप्रसंगी जखमी होणारी माणसे कोण, हे शोधू गेल्यास नावे फारशी हाती लागत नाहीत. हिमालयातील हमालांची कथा याहून वेगळी कोठे आहे? त्या मानाने कॅम्पबेलने संपादिलेले 1880 सालचे खानदेश गॅझेटियर मला अधिक प्रामाणिक वाटते. त्याची भाषा दप्तरी आणि रुक्ष खरी, परंतु तोरणमाळच्या परिसरातील अक्राणी परगण्याची व्यवस्था, नाइकांचे हक्क, काठी, नाला, सिंगपूर अशा मेवासी जहागिरी यांचा त्यात ठाव लागतो, आणि डोंगर हा कोणाच्या तरी उपजीविकेचा मुलूख आहे याची जाणीव सुटत नाही.

मराठी वाचकाने अक्राणीच्या या डोंगरांचे भय घेतले ते मात्र निराळ्याच ग्रंथांतून, म्हणजे नर्मदा परिक्रमेच्या वृत्तांतांतून. तोरणमाळच्या उत्तरेस, डोंगररांगांपलीकडे, नर्मदेच्या काठाने शूलपाणीची झाडी होती. तेथे भिल्ल ‘मामा’ परिक्रमावासीयांना लंगोटीपर्यंत लुटतात, ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. गो. नी. दांडेकरांनी तरुणपणी परिक्रमा केली आणि त्या अनुभवावर ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ लिहिली. पुढे जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’ने नवा वाचकवर्ग मिळविला. या वाङ्मयावर माझा लोभ आहे, तरी एक तक्रारही आहे. लुटीच्या प्रसंगाला मैयाने घेतलेली परीक्षा मानले, की लुटणाऱ्याच्या पोटाची चौकशी आपोआप टळते. 1878 च्या जंगल कायद्यानंतर राखीव रानांत कुऱ्हाड चालविणे, डोंगरउतारावर फिरती शेती करणे हे गुन्हे ठरत गेले, आणि ज्याचे रान त्यालाच जंगलखात्याच्या शिपायापुढे हात जोडून उभे राहावे लागले. हे प्रकरण भ्रमणगाथांत क्वचितच येते.

तोरणमाळची खरी चढण, ज्यावर एकही ग्रंथ नाही असे मला वाटते, ती महाशिवरात्रीची. गोरखनाथाच्या यात्रेला महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरात येथील भिल्ल, पावरा लोक येतात. कोणाच्या खांद्यावर मूल, कोणाच्या डोक्यावर गाठोडे, एखाद्या म्हातारीच्या एका हातात काठी आणि दुसऱ्यात, झिजू नयेत म्हणून काढून घेतलेल्या, वहाणा. शहाद्याहून सात पायरी घाटाने मोटारी वर जाऊ लागल्या तरी पायी येणारे येतातच. यांच्या चढणीत धोका नाही असे नाही, पण तो सांगण्याजोगा आहे असे त्यांना वाटत नसावे, आणि साहसग्रंथांच्या फुशारकीला कंटाळलेल्या वाचकाला हे मौन फार सुखद वाटते.

दरम्यान सरदार सरोवराच्या पाण्याने नर्मदाकाठचा तो प्रदेश गिळला. महाराष्ट्रातील 33 गावे बाधित झाली, शूलपाणेश्वराचे जुने देऊळ बुडाले, आणि दक्षिण तटाने जाणारे अनेक परिक्रमावासी आता डोंगर टाळून शहादा, प्रकाशा या सपाटीच्या वाटेने जातात. झाडीतील लुटीची वर्णने अजूनही चवीने वाचली जातात. ती वाचणाऱ्याने लेखक त्या वाटेने कोणत्या साली गेला, एवढे आधी पाहून घ्यावे.