पुतळ्यांची माळ

मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवास जमलेल्या भगिनींच्या गळ्यांत ठुशी, बोरमाळ, चपलाहार यांच्या जोडीला एखादी पुतळ्यांची माळ हटकून दिसते. सोन्याच्या ओवलेल्या चकत्या आणि त्यांवर उमटलेल्या आकृती. या कोणाच्या, असे विचारले तर बहुधा ‘राम-सीता’ असे उत्तर मिळते. त्यांचे मूळ अयोध्येत नसून इटलीतील व्हेनिस नगरीत आहे, हे सांगितले तर पुष्कळांना ते खरे वाटत नाही.

व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने इ.स. १२८४ मध्ये ‘डुकॅट’ हे सोन्याचे नाणे पाडण्यास प्रारंभ केला. त्याच्या एका बाजूस नगरीचा संरक्षक संत मार्क उभा असून त्याच्यापुढे गुडघे टेकलेला डोज, म्हणजे तेथील निर्वाचित राज्यप्रमुख, त्याच्याकडून ध्वज स्वीकारीत आहे. दुसऱ्या बाजूस ताऱ्यांच्या लंबगोलात येशू ख्रिस्त आहे. सुमारे साडेतीन ग्रॅम वजनाच्या या नाण्याचा कस व छाप, १७९७ मध्ये नेपोलियनने ते राज्य बुडविले तोपर्यंत, म्हणजे पाचशे वर्षे, जवळजवळ बदलला नाही. मिरी आणि इतर मसाल्यांच्या मोबदल्यात इजिप्त व तांबडा समुद्र या मार्गाने ते आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येत राहिले. आपल्या सराफांना त्यावरील लॅटिन अक्षरे वाचता येत नव्हती. कसोटीवरील रेघ मात्र उत्तम वाचता येत होती. नाण्यास नाव पडले ‘पुतळी’, आणि शिवकालीन नाण्यांत होनाबरोबर तिचाही उल्लेख येतो.

कडी लावून गळ्यात घातलेली पुतळी हा दागिनाही होता आणि शिल्लकही. पुढे सोनारांनी स्वतःचे ठसे कोरले. सोन्याचा पातळ पत्रा ठोकून त्याच्या चकत्या कापावयाच्या, ठशावर ठेवून छाप उठवावयाचा, वर डाग देऊन कडी बसवावयाची. मग पटवेकऱ्याने त्या रेशमी दोऱ्यात गुंफावयाच्या. ठसा कोरणाऱ्यास मूळ चित्राचा अर्थ ठाऊक नव्हता. त्यामुळे लॅटिन अक्षरांच्या नुसत्या उभ्या रेघा झाल्या आणि संत व डोज हळूहळू आपल्या देवांसारखे दिसू लागले. आमच्या मते ही नक्कल नव्हे. परक्या पाहुण्याला घरात घेण्याची ती रीत होती.

माळ घेताना, किंवा घरातील माळ पाहताना, पुतळी प्रथम उलटी करावी. दोन्ही बाजूंस स्वच्छ छाप, भरीव वजन आणि सुटी सुटी ओळखता येणारी अक्षरे असतील तर जाणकारास दाखवावी. अस्सल डुकॅटवर त्या त्या डोजचे नाव असल्याने तिचा काळही ठरविता येतो. हाताने ठोकलेल्या पुतळ्यांची कड किंचित उणी-अधिक असते, यंत्रावरच्या अगदी एकसारख्या असतात. कडीजवळचा डाग बारीक आहे ना हे भिंगाने पाहावे, कारण डागाचे सोने हिणकस असते. १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झालेला हॉलमार्क कसाची ग्वाही देतो, घडणीची नव्हे.

हे हात कमी होण्यास एक कायदाही कारण झाला. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण नियम आले आणि चौदा कॅरटांहून शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. असे सोने कठीण. ठोकून नाजूक काम करण्यास प्रतिकूल. असंख्य सोनार बेकार झाले, काहींनी जीव दिला. कॅरटची अट १९६६ मध्ये उठली, १९६८ चा कायदा मात्र १९९० पर्यंत राहिला. सरकारी सेवकाने सरकारी धोरणावर टीका करू नये हे आम्ही जाणतो. पण तो कायदा सरकारनेच रद्द केला असल्याने तेवढी मोकळीक घेतो.

दोष सर्वस्वी कायद्याचा, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. पंचवीस वर्षांपूर्वी बदलीच्या गावी आम्ही मातोश्रींची एकवीस पुतळ्यांची माळ मोडून बांगड्या केल्या. सराफाने दोरा कापला, चकत्या तराजूत टाकल्या आणि त्यांतील तीन बाजूला काढून म्हटले, “या भारी आहेत, साहेब.” वजन अपेक्षेपेक्षा जास्त भरले याचा आम्हांस आनंद झाला. त्या तिन्ही आम्ही उलटून पाहिल्या नाहीत. मातोश्रींनी दुकानातून रिकामा रेशमी गोंडा तेवढा मागून घेतला. तो अजून आमच्या घरी आहे.