पाठीवरचे ओझे आणि कण्याजवळची सुई

पुण्याहून साताऱ्यास जाताना खंबाटकी घाटाच्या अलीकडे खंडाळा लागते. लोणावळ्याशेजारचे हवा खाण्याचे खंडाळे निराळे. हे सातारा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. या जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या तरुण मुंबईस गेले आणि तेथील बाजारपेठांत शंभर शंभर किलोंची पोती पाठीवर वाहू लागले. हेच माथाडी कामगार होत. याच जिल्ह्यातील अण्णासाहेब पाटील यांनी त्यांची संघटना उभारली व १९६९ साली माथाडी कायदा संमत झाला. कायद्याने त्यांच्या मजुरीस आधार दिला. परंतु ज्या पाठीवर ती मजुरी मिळावयाची, ती पाठच धरली तर काय करावे, हा प्रश्न घरोघर उरलाच.

दुखणे मात्र जुनेच आहे. कमरेतून निघून मांडी-पोटरीवाटे पावलापर्यंत उतरणाऱ्या कळेस चरकसंहितेत गृध्रसी म्हटले आहे. तीच आजची सायटिका होय. या दुखण्यावर कण्याजवळ सुई टोचून औषध सोडण्याचा उपाय आज मोठ्या शहरांप्रमाणेच जिल्ह्याच्या गावीही केला जातो. मात्र एकाच औषधाने एक रोगी चालू लागतो, तर दुसऱ्यास अंथरूण सुटत नाही. असे का व्हावे, याचे उत्तर या उपायाच्या इतिहासातच सापडते.

मज्जारज्जूभोवती एक चिवट आवरण असते. या आवरणाच्या बाहेर आणि हाडाच्या आत जी चिंचोळी जागा राहते, तिच्यातून नसांची मुळे बाहेर पडतात. या जागेत औषध सोडणे यासच एपिड्युरल म्हणतात. १९०१ साली पॅरिसमध्ये सिकार व काथलँ या दोघा डॉक्टरांनी, एकमेकांवर अवलंबून न राहता, माकडहाडाजवळच्या छिद्रातून ही वाट शोधली. सिकारने तीतून कोकेनचे सौम्य द्रावण सोडून सायटिकेच्या रोग्यांस उतार दिला. १९२१ साली स्पेनमधील लष्करी शल्यवैद्य फिदेल पाहेस यांनी कमरेच्या मणक्यांमधून त्याच जागेत शिरण्याची रीत वर्णन केली.

वाट सापडली, पण रोगाचे मूळ अज्ञातच होते. ते १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर व बार यांनी दाखविले: दोन मणक्यांमधील गादी फुटून तिचा भाग नसेवर दाब आणतो. पुढे कॉर्टिसोनचा शोध लागला आणि १९५२ साली इटलीत त्याच जातीचे औषध कण्याजवळ प्रथम सोडण्यात आले. सुजलेल्या नसेची सूज ओसरावी, हा त्यातील हेतू. यावरूनच यशाचे पहिले गमक स्पष्ट होते. कळ पायात उतरत असेल, म्हणजे नस सुजलेली असेल, तर सुईचा उपयोग संभवतो. नुसत्या कमरेच्या जुनाट ठणक्यास तो फारसा होत नाही.

दुसरे गमक नेमकेपणाचे. केवळ हाताच्या अंदाजाने टोचलेल्या सुयांपैकी सुमारे पाव सुया भलत्याच जागी जातात, असे १९८० च्या सुमारास क्ष-किरणांखाली पाहता आढळले. म्हणून आज पडद्यावर पाहत सुई घालण्याची पद्धत रूढ झाली आहे. स्वच्छतेचे महत्त्वही तितकेच. २०१२ साली अमेरिकेत दूषित औषधामुळे मेंदूच्या आवरणास बुरशीचा संसर्ग होऊन साठांहून अधिक माणसे दगावली.

तिसरे गमक काळाचे. कॅनडात १५८ रोग्यांवर केलेली कसोटी १९९७ साली प्रसिद्ध झाली. औषधाची सुई घेतलेल्यांस काही आठवडे पायाच्या कळेत थोडा अधिक उतार पडला. तीन महिन्यांनी हा फरक राहिला नाही, आणि वर्षअखेर दोन्ही गटांतील सुमारे पाव रोग्यांस शस्त्रक्रिया करावी लागली. वयोमानाने कण्याची नळीच अरुंद झालेल्या ४०० रोग्यांची कसोटी २०१४ साली प्रसिद्ध झाली. नुसते बधिर करणारे औषध व त्यात कॉर्टिसोनच्या जातीचे औषध मिसळलेले, यांच्या गुणात सहा आठवड्यांनी म्हणण्याजोगा फरक दिसला नाही.

म्हणजे सुई गादी जागेवर बसवीत नाही. निसटलेला भाग पुष्कळदा शरीरच हळूहळू जिरवून टाकते. तोवर कळ सुसह्य व्हावी, एवढी सवड सुई देते. त्या सवडीत चालणे व व्यायाम सुरू झाला, तर तिचे सार्थक होते. दुखणे वर्षानुवर्षांचे असले, तंबाखूचे व्यसन असले, मन खचलेले असले, किंवा कळ थांबताच त्याच पाठीवर तेच पोते चढले, तर गुण येणे कठीण.

हमालाच्या घरी एका सुईचा खर्च म्हणजे कित्येक दिवसांची मजुरी होय. तेव्हा कळ नसेची आहे काय, सुई पडद्यावर पाहून घालणार काय, आणि उतार पडल्यावर रोग्यास कोणते काम देणार, हे तीन प्रश्न आधीच विचारले पाहिजेत. पहिल्या दोहोंचे उत्तर डॉक्टर देतील. तिसऱ्याचे उत्तर घरच्या मंडळींनी आणि मालकाने द्यावयाचे आहे.