वांद्र्याची पहिली भाषा

वांद्रे पश्चिम म्हटलं की काय आठवतं? बँडस्टँड, स्टार लोकांचे बंगले, महागडी कॉफी. माझे ऑफिसमधले मित्र तर विचारतात, "तिथे मराठी कुठे आहे रे?" मला वाटतं, प्रश्नच उलटा आहे. मराठी तिथे आधीपासून होती, बाकीचं नंतर आलं.

१५३४ च्या तहाने साष्टी बेट पोर्तुगिजांकडे गेलं. वांद्रे हे त्या बेटाचं दक्षिण टोक. इथले अनेक शेतकरी आणि कोळी ख्रिस्ती झाले. १७३९ मध्ये मराठ्यांनी साष्टी जिंकली, १७७४ मध्ये ती इंग्रजांनी घेतली. राज्यं बदलत गेली, घरातली बोली मात्र मराठीच राहिली. हेच आजचे ईस्ट इंडियन. हे नाव त्यांनी १८८७ मध्ये घेतलं. तेव्हा नोकरीसाठी गोवा-मंगळूरकडचे ख्रिस्ती मुंबईत येत होते, आणि आपण इथलेच आहोत हे वेगळं सांगायची वेळ आली होती.

मग वांद्रे बदललं कसं? तर पाणी ओलांडायची सोय झाली म्हणून. आधी माहीमहून वांद्र्याला जायला होडी लागायची. १८४५ मध्ये कॉजवे झाला. त्यासाठी लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी एकूण १,५७,००० रुपये दिले. अट एकच, टोल घ्यायचा नाही! (२००९ मध्ये झालेल्या सी लिंकवरून जाणाऱ्यांनी इथे एक उसासा टाकावा.) १८६७ मध्ये लोकल आली. १८९६ च्या प्लेगनंतर मोकळ्या हवेसाठी शहरातले लोक इकडे आले. भातशेतीवर बंगले उठले, मग बिल्डिंगा, आता टॉवर.

या सगळ्यात रणवार, चुईम, चिंबई, पाली ही गावठाणं टिकून आहेत. गल्ल्या अरुंद आहेत, कारण त्या चालणाऱ्यांसाठी होत्या, गाड्यांसाठी नाही. लाकडी जिने आहेत, कोपऱ्यावर क्रूस आहेत. पण एकेक जुनं घर रीडेव्हलपमेंटला जातंय. घर विकणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. वाटेकरी दहा आणि खोल्या चार असल्या की माणूस काय करणार? पण कुटुंब लांब गेलं की बोलीही जाते. ती शाळेत शिकवत नाहीत. ती शेजारपाजारावर जगते.

म्हणून रणवारमध्ये फिरायला गेलात की फोटो काढाच, पण हेडफोनही काढा. हो, माझा एपिसोड चालू असला तरी! ओट्यावरच्या गप्पा कानावर पडतील. ती मराठी पुस्तकातली नाही, पण आपलीच आहे.