चित्रांना मिळालेली भिंत

मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी काहीतरी लिहावे असा अध्यक्षाबाईंचा आग्रह झाला. मी म्हटले, एखादा पदार्थ लिहून देते. त्यावर त्या म्हणाल्या, "पदार्थ दरवर्षीच असतात. तुम्ही सगळ्या मुंबईला जहांगीर पाहून आलात ना, त्याची माहिती लिहा." मी काही चित्रकलेतली जाणकार नव्हे. पण पाहून आल्यावर विचारपूस केली, थोडे वाचन केले, ते भगिनींपुढे ठेवीत आहे.

पूर्वी आपल्याकडे चित्रे असत ती राजवाड्यांत, नाहीतर देवळांच्या भिंतींवर. सामान्य माणसाच्या घरात चित्र आले ते राजा रविवर्मा यांच्या छापखान्यामुळे. तो १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आपल्या आजी-पणजीच्या देवघरातली लक्ष्मी-सरस्वती बहुधा तिथलीच. पण ती छापील प्रत. चित्रकाराने स्वतः रंगवलेले चित्र पाहायचे तर जायचे कुठे?

मुंबईत १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली. ती चित्रांची प्रदर्शने भरवी, बक्षिसे देई. १९३७ साली तिचे सुवर्णपदक अमृता शेरगिल यांना त्यांच्या 'तीन मुली' या चित्रासाठी मिळाले. त्या चित्रातल्या तिघी खाली नजर घालून गप्प बसलेल्या आहेत. लग्न ठरायच्या आधी आपणही अशाच बसलो होतो.

तरी मुंबईसारख्या शहरात चित्रांसाठी सर्वांना खुली अशी हक्काची मोठी जागा नव्हती. के. एच. आरा नावाचे चित्रकार होते. लोकांच्या मोटारी धुऊन, घरकाम करून त्यांनी चित्रे काढली. १९४२ साली त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले ते काळा घोड्याजवळच्या 'चेतना' या उपाहारगृहात!

ही अडचण ओळखून चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांनी सर कावसजी जहांगीर यांच्याकडे शब्द टाकला. भाभा स्वतःही उत्तम चित्रे काढीत. सर कावसजींनी इमारतीचा सगळा खर्च दिला आणि दिवंगत मुलगा जहांगीर याचे नाव तिला दिले. वस्तुसंग्रहालयाच्या आवारातल्या या कलादालनाचे उद्घाटन २१ जानेवारी १९५२ रोजी मुंबई राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या हस्ते झाले. एका बापाच्या दुःखातून हजारो चित्रकारांना भिंत मिळाली. त्या दानाचे मोल कसे करावे?

तिथे साधारणपणे आठवड्याला प्रदर्शन बदलते. भिंत मिळावी म्हणून चित्रकारांना कित्येक वर्षे वाट पाहावी लागते. पाहणाऱ्याला मात्र एक पैसा पडत नाही. आम्ही सहाजणी दारात थबकलो, पर्समध्ये हात घालून तिकिटाची खिडकी शोधू लागलो. दरवानदादा हसून म्हणाले, "ताई, तिकीट नाही, या आत." इतकी वर्षे मुंबईला येऊन-जाऊन आम्ही त्या दारावरून कितीदा गेलो असू! आपल्याला आत कोण घेणार, असे उगीचच धरून चाललो होतो.

वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या अगदी पहिल्या स्त्रियांमध्ये अंबिका धुरंधर आणि अँजेला त्रिंदाद ही नावे येतात. अंबिकाबाई थोर चित्रकार म. वि. धुरंधर यांच्या कन्या, तर अँजेलाबाई गोव्याचे चित्रकार त्रिंदाद यांच्या. दोघींचे कर्तृत्व मोठेच. पण त्यांच्या घरात रंग होते, शिकवणारे वडील होते. ज्यांच्या घरात पोळपाट आणि चूल एवढेच होते, त्या मुलींचे काय झाले? त्यांची कला उंबऱ्यावर रांगोळी होऊन उमटली आणि संध्याकाळपर्यंत पुसली गेली. कुणी ती भिंतीवर लावली नाही, खाली नावही लिहिले नाही.

त्या दिवशी आमच्यातल्या एक वहिनी एका चित्रापुढे बराच वेळ उभ्या होत्या. परतताना गाडीत म्हणाल्या, "मी शाळेत फार छान चित्रे काढायची हो. लग्नानंतर सुटले ते सुटलेच." वीस वर्षांच्या शेजारात हे मला ठाऊक नव्हते.

म्हणून दोन सूचना करते. हळदीकुंकवाच्या खर्चातून थोडे वाचवून वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून प्रदर्शन पाहायला जावे, मुलींनाही न्यावे. दुसरी अशी की, मंडळाच्या खोलीतली एक भिंत मोकळी ठेवावी. रांगोळीचे नमुने, भरतकाम, चित्र, जे ज्या भगिनीला येते ते महिनाभर तिथे लावावे आणि खाली तिचे नाव लिहावे. सर कावसजींएवढे दान आपल्याच्याने होणार नाही. पण एक भिंत आणि चार खिळे आपल्यालाही देता येतील.

पहिला मान त्या वहिनींना द्यावा, अशी माझी विनंती आहे.