भट्टीच्या कडेला

रामनवमीची गर्दी, कर्णे, नारळांचे ढीग मागे टाका आणि 1830 सालच्या माघातल्या एका रात्री पोहरादेवीच्या ओढ्यात उतरा. वऱ्हाड अजून निजामाचं आहे. आगगाडीला पस्तीसेक वर्षं अवकाश. लमाणांचे संत सेवालाल महाराज समाधिस्थ होऊन दोन तपं झालीत. तुम्ही लदेणीबरोबर, माल लादलेल्या बैलांच्या तांड्याबरोबर, आलेले लमाण. मिठाच्या गोण्या उतरवल्या, बैल बांधले, पण अंगातलं हीव जात नाही.

पलीकडे लाल उजेड दिसतो. लोणाऱ्याची चुन्याची भट्टी! मुलूख काळ्या दगडाचा, पण मातीत नि ओढ्याच्या पात्रात चुनखडीचे खडे सापडतात. बायकांनी ते टोपल्या भरभरून वेचलेत. लाकडं, त्यावर खडे, पुन्हा लाकडं, असे थर रचलेत. कडेची जमीन चुलीच्या ओट्यासारखी उबदार. तुम्ही घोंगडी अंथरता.

"तेथं नोको निजू बाप्पा, सकायी उठशीन नाई."

म्हातारा लोणारी काठीनं घोंगडीच ओढतो. धूर तर वर चाललाय, मग भ्यायचं कशाला? पण जीव घेतो तो धूर नव्हे, वायू. तो दिसत नाही, त्याला वास नाही. दूर आयर्लंडातही फिरस्ते अशाच भट्टीला टेकून निजतात आणि सकाळी उठत नाहीत. तिथल्या गोष्टींत ही माणसं भेटतात. तिथं चुना शेतातही टाकतात, आंबट जमीन सुधारायला. हे वऱ्हाडच्या कुणब्याला सांगून बघा. हसेल तो! त्याच्या रानात चुनखडी आधीच नको तितकी.

म्हातारा शेजारच्या निवलेल्या भट्टीतला खडा तुमच्या तळव्यावर ठेवतो. हात कोरडा हवा, हे आधी बजावतो. खडा आकाराला तेवढाच, पण वजनाला हलका. मग तो जमिनीवर ठेवून वर चुळकाभर पाणी टाकतो. चर्र होतं, वाफ उठते, खडा फुटून पांढरा भुगा होतो. हाच भुगा उद्या घाणीत पडेल. बैल दगडी चाक ओढेल, वाळू मिसळेल, कुणी गुळाचं पाणी ओतेल.

शुद्ध चुनखडी 100 शेर भाजली तर कळीचा चुना निघतो 56 शेर. उरलेले 44 शेर हवा होऊन जातात, तुम्ही घोंगडी अंथरली होती त्याच कडेवरून. भिंतीवर चढलेला चुना पुढं वर्षानुवर्षं तीच हवा शोषत राहतो आणि पुन्हा दगड होतो.