पालास आणि रशियातील भूविज्ञान

रशियातील भूविज्ञानाच्या आरंभीच्या इतिहासात जर्मन निसर्गवैज्ञानिक पेटर झिमॉन पालास (२२ सप्टेंबर १७४१–८ सप्टेंबर १८११) यांना महत्त्वाचे स्थान आहे. प्राणिविज्ञान हा त्यांचा मूळ विषय होता. तथापि १७६८–७४ या काळातील त्यांच्या प्रवासामुळे व्होल्गा नदीपासून बैकल सरोवरापलीकडील प्रदेशापर्यंतचे खडक, खनिजे व जीवाश्म यांची विपुल माहिती एकाच निरीक्षकाच्या हातून गोळा झाली. या माहितीवर त्यांनी उभारलेले सिद्धांत पुढे बव्हंशी मागे पडले. नोंदी मात्र टिकल्या व नंतरच्या संशोधनाला आधारभूत ठरल्या.

पार्श्वभूमी : पीटर द ग्रेट यांनी १७२४ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे विज्ञान अकादमी स्थापन केली. देशात प्रशिक्षित वैज्ञानिक नसल्याने तिचे सुरुवातीचे सदस्य प्रामुख्याने जर्मन व स्विस होते. योहान गेओर्ख ग्मेलीन यांनी १७३३–४३ या काळात सायबीरियाचा प्रवास केला. स्तरित खडकांविषयी १७५६ मध्ये ग्रंथ लिहिणारे योहान गोटलोप लेमान हे १७६१ पासून मृत्यूपर्यंत (१७६७) या अकादमीत रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. खुद्द रशियन विद्वानांपैकी म्यिखईल लमनोसॉव्ह यांनी १७६३ मध्ये पृथ्वीच्या थरांविषयीचा आपला निबंध प्रसिद्ध केला व कोळसा आणि अंबर हे पदार्थ वनस्पतिजन्य असल्याचे प्रतिपादिले. अशा रीतीने विचारांचा पाया घातला गेला होता. परंतु साम्राज्याच्या फार मोठ्या भागातील खडकांची प्रत्यक्ष पाहणी झालेली नव्हती.

मोहीम : पालास यांचा जन्म बर्लिन येथे झाला. त्यांचे वडील शस्त्रक्रियेचे प्राध्यापक होते. हाल, गटिंगेन व लायडन येथे शिक्षण घेऊन त्यांनी १७६० मध्ये लायडन येथे आतड्यांतील कृमींवरील प्रबंधाबद्दल डॉक्टरेट मिळविली. १७६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राणिविषयक ग्रंथांमुळे त्यांचे नाव झाले व पुढील वर्षी सम्राज्ञी दुसरी कॅथरिन हिच्या निमंत्रणावरून ते सेंट पीटर्सबर्गला आले. १७६९ मध्ये घडणाऱ्या शुक्राच्या अधिक्रमणाचे निरीक्षण करण्यासाठी पथके पाठविताना अकादमीने निसर्गविषयक पाहणीसाठीही स्वतंत्र तुकड्या पाठविण्याचे ठरविले. माती, जलस्रोत, खाणी, वनस्पती, प्राणी व लोकजीवन यांची माहिती आणण्याचे काम या तुकड्यांकडे होते. त्यांपैकी एकीचे नेतृत्व पालास यांच्याकडे आले.

जून १७६८ मध्ये निघून ते व्होल्गाकाठ, ओरेनबुर्ग व कॅस्पियन समुद्राचा उत्तर किनारा या मार्गाने उरल पर्वतात गेले. १७७० मध्ये त्यांनी तेथील खाणींची पाहणी केली. बिर्योझफ्स्क येथील लाल शिसे-धातुकाची त्यांनी नोंद घेतली. याच खनिजात (क्रोकॉइटात) १७९७ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्होक्लँ यांना क्रोमियम हे मूलद्रव्य सापडले. पुढे अल्ताई, क्रास्नोयार्स्क, बैकल सरोवर व चीनच्या सरहद्दीवरील क्याख्ता येथपर्यंत जाऊन ते १७७४ मध्ये परतले. ही मोहीम सर्वांना सुखरूप पार पाडता आली नाही. दुसऱ्या तुकड्यांचे नेते योहान पेटर फाल्क व सामूएल ग्मेलीन हे दोघे १७७४ मध्ये मृत्यू पावले. त्यांपैकी ग्मेलीन यांचा अंत कॉकेशसमध्ये कैदेत झाला. पालास यांचे प्रवासवर्णन १७७१–७६ मध्ये तीन खंडांत जर्मन भाषेत प्रसिद्ध झाले व प्रवास संपण्यापूर्वीच, म्हणजे १७७३ पासून, त्याचे रशियन भाषांतर निघू लागले.

पर्वतांची रचना : १७७७ मध्ये अकादमीच्या सभेत पालास यांनी पर्वतांच्या निर्मितीविषयी व्याख्यान दिले. उरल व अल्ताई पर्वतांत त्यांना खडकांचा एक ठराविक क्रम आढळला होता. मोठ्या पर्वतरांगांच्या गाभ्यात ग्रॅनाइट असून त्यात जीवाश्म नसतात. त्याच्या दोन्ही बाजूंस तीव्र उताराचे व धातुकयुक्त सुभाजा खडक असतात. त्यांच्या बाहेर सागरी प्राण्यांचे अवशेष असलेले चुनखडक आणि सर्वांत बाहेर वाळू व माती यांचे, लाकडाचे तुकडे व हत्तींसारख्या प्राण्यांची हाडे असणारे थर असतात, असे त्यांनी सांगितले. खडकांचे असे वर्ग यापूर्वी लेमान यांनी जर्मनीत व आर्दुईनो यांनी इटलीत केले होते. परंतु पालास यांनी ते एका खंडप्राय प्रदेशास लावून पाहिले. फ्रेंच निसर्गवैज्ञानिक क्यूव्ह्ये यांनी आधुनिक भूविज्ञानाचा उगमच या निरीक्षणात पाहिला. त्यामागील सिद्धांत मात्र टिकला नाही. ग्रॅनाइट हा शिलारस थंड होऊन बनतो व पुष्कळदा भोवतालच्या खडकांहून नंतरचा असतो, हे जेम्स हटन यांच्या कार्यानंतर स्पष्ट होत गेले.

जीवाश्म व जुने समुद्र : डिसेंबर १७७१ मध्ये व्हिल्यूई नदीच्या काठच्या वाळूत एका गेंड्याचे गोठलेले शरीर सापडले. त्याचे डोके व पाय पालास यांना मार्च १७७२ मध्ये इर्कुट्स्क येथे पाहावयास मिळाले. कातडी व तीवरील दाट केस यांचे त्यांनी काळजीपूर्वक वर्णन केले. दक्षिणेकडील समुद्रांतील ज्वालामुखींच्या उद्रेकांमुळे उसळलेल्या महापुराने असे प्राणी उत्तरेकडे वाहून आणले असावेत, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. हे प्राणी त्याच प्रदेशात राहणारे व थंडीस अनुकूल असे होते, हे पुढे सिद्ध झाले व त्यासाठी केसांविषयीच्या नोंदीही उपयोगी पडल्या. कॅस्पियनच्या सभोवतालच्या खाऱ्या स्टेप प्रदेशातील शंखशिंपले व जुन्या किनाऱ्यांच्या खुणा यांवरून हा समुद्र पूर्वी बराच विस्तृत असून मानिच सखल भागातून काळ्या समुद्राशी जोडलेला होता, असा त्यांनी काढलेला निष्कर्ष अधिक टिकाऊ ठरला.

क्रास्नोयार्स्कचे लोखंड : याकव्ह मेद्व्हेद्येव्ह या लोहाराला १७४९ मध्ये क्रास्नोयार्स्कच्या परिसरातील एका डोंगरावर सु. ७०० किग्रॅ. वजनाचा लोहपिंड मिळाला होता. पालास यांनी १७७२ मध्ये तो पाहिला आणि सेंट पीटर्सबर्गला पाठविण्याची व्यवस्था केली. लोखंडाच्या जाळीत पिवळसर, काचेसारखे स्फटिक असलेला हा पिंड भट्टीतील नसून नैसर्गिक आहे, असे त्यांचे मत होते. तो आकाशातून पडला, ही स्थानिक तातार लोकांची समजूत त्यांना पटली नव्हती. तरी तिची नोंद त्यांनी गाळली नाही. जर्मन भौतिकीविज्ञ क्लाड्नी यांनी १७९४ च्या आपल्या ग्रंथात याच पिंडाच्या आधारे असे लोखंड पृथ्वीबाहेरून आले असल्याचे प्रतिपादन केले. १८०३ मध्ये फ्रान्समध्ये लेग्ल येथे झालेल्या अश्मवर्षावानंतर हे मत सर्वमान्य झाले. लोह-निकेलात ऑलिव्हीन खनिज गुंतलेल्या अशनींना आज ‘पॅलॅसाइट’ म्हणतात.

प्रभाव : पालास यांच्या तुकडीतील रशियन विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष क्षेत्रकार्याचे शिक्षण मिळाले. त्यांपैकी व्हस्यील्यी झूयेव्ह (१७५४–९४) हे १७७१ मध्ये ओब नदीच्या मुखाकडे स्वतंत्रपणे गेले होते. पुढे ते अकादमीचे सदस्य झाले. त्यांनी रशियन शाळांसाठी निसर्गविज्ञानाचे पाठ्यपुस्तक (१७८६) लिहिले व पालास यांच्या ग्रंथाच्या भाषांतरातही भाग घेतला. न्यिकीता सकलोव्ह (१७४८–९५) हे अकादमीत रसायनशास्त्रज्ञ झाले.

पालास यांनी १७९३–९४ मध्ये दक्षिण रशिया व क्रिमिया येथे प्रवास केला. १७९५ पासून ते क्रिमियात सिम्फेरोपोल येथे राहिले आणि १८१० मध्ये बर्लिनला परतले. तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर १८२९ मध्ये हंबोल्ट व १८४०–४१ मध्ये मर्चिसन यांनी रशियात प्रवास केले. उरलच्या पश्चिमेकडील खडकांवरून मर्चिसन यांनी १८४१ मध्ये पर्मियन हा कालखंड प्रस्थापित केला. १८८२ मध्ये रशियाची भूवैज्ञानिक समिती स्थापन झाल्यावर सर्वेक्षणाचे कार्य देशातील संस्थेकडे आले. पालास यांनी या परंपरेला सिद्धांतापेक्षा पद्धत अधिक दिली : खडक जागेवर जाऊन पाहावा, त्याचे स्थान व क्रम नोंदवावा, नमुना जपून ठेवावा आणि न उलगडणारी गोष्टही वर्णनातून वगळू नये. त्यामुळेच त्यांची मते खोडून काढणाऱ्यांनाही त्यांच्याच नोंदींचा आधार घेता आला.