पडद्यावरचे पंखे

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या काही रुग्णांच्या डोळ्यात, पडद्याच्या अगदी कडेला, पंख्याच्या आकाराचा बारीक रक्तवाहिन्यांचा झुबका उगवतो. वेल्च आणि गोल्डबर्ग या अमेरिकी नेत्रतज्ज्ञांच्या १९६६ च्या शोधनिबंधापासून तो पंखाकृती प्रवाळाच्या नावाने, ‘सी फॅन’ म्हणून, ओळखला जातो. १९७१ मध्ये गोल्डबर्ग यांनी या विकाराच्या पाच पायऱ्या मांडल्या: कडेच्या रक्तवाहिन्या बुजणे, रोहिणी-नीलांची आडवळणी जोडणी, पंखा, डोळ्यात रक्तस्राव आणि शेवटी पडदा सुटणे. ही मांडणी आजही वापरात आहे.

महाराष्ट्रातल्या नंदुरबार जिल्ह्याशी याचा संबंध रक्ताच्या वारशातून येतो. धुळ्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर या भागांत भिल्ल, पावरा, मावची अशा समाजांची मोठी वस्ती आहे. सिकलसेलचे १९१० मध्ये शिकागोत झालेले पहिले वर्णन ग्रेनाडाहून आलेल्या विद्यार्थ्याचे होते. भारतात सिकलसेलचे जनुक १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींत सापडले. १९५८ मध्ये शुक्ल आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील वाहकांची, म्हणजे हे जनुक एकाच पालकाकडून आलेल्या आणि सहसा आजारी नसलेल्यांची, नोंद केली. पुढे डॉ. एस. एल. काटे यांच्या महाराष्ट्रातील पाहणीत भिल्ल, पावरा, माडिया अशा काही गटांत वाहकांचे प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत आढळले.

ऑक्सिजन कमी पडला की सिकलसेलच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पडद्याच्या कडेला असलेल्या वाहिन्या सर्वांत अरुंद असल्याने त्या आधी बुजतात. त्यापलीकडचा पडदा उपाशी राहतो आणि रक्ताची मागणी करतो. जिवंत आणि उपाशी भागाच्या सीमेवर नव्या वाहिन्या फुटतात, पण त्यांच्या भिंती कच्च्या असतात. त्या गळतात, फुटतात, आणि डोळ्यातल्या पारदर्शक जेलीत रक्त उतरते. मधुमेही रुग्णांच्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांतही नव्या वाहिन्यांमागे हीच उपासमार असते.

उपाशी पडद्याची ही मागणी रसायनाने कळवली जात असावी, असा तर्क ग्लासगोचे आयझॅक मायकेलसन यांनी १९४८ मध्ये मांडला. ते रसायन मिळायला चार दशके लागली. १९७१ मध्ये बोस्टनचे ज्युडा फोकमन यांनी म्हटले की कर्करोगाची गाठही नव्या रक्तवाहिन्यांवर जगते, तेव्हा त्याच तोडल्या तर गाठ उपाशी मरेल. १९८३ मध्ये सेंगर आणि ड्वोरॅक यांना वाहिन्या गळक्या करणारे प्रथिन सापडले. १९८९ मध्ये नेपोलिओन फेरारा यांनी वाहिन्या वाढवणारे प्रथिन ‘व्हीईजीएफ’ वेगळे केले, आणि दोन्ही एकच निघाले. १९९४ मध्ये एलो आणि सहकाऱ्यांनी मधुमेही रुग्णांच्या डोळ्यातील द्रवात ते वाढलेले दाखवले. मायकेलसनचा तर्क असा खरा ठरला, तोही कर्करोगाच्या वाटेने.

उपचार मात्र या उकलीच्या आधीच सुरू झाला होता. ९ जुलै १९४५ च्या सूर्यग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्यांच्या पडद्यावर भाजल्याचे व्रण आढळले. ते पाहून जर्मन डॉक्टर गेर्हार्ड मेयर-श्विकरात यांना सुचले की असे डाग उपचार म्हणून मुद्दाम द्यावेत. हॅम्बुर्गमध्ये त्यांनी रुग्णालयाच्या छतावरून सूर्यकिरण आत आणून उपचार केले. ढग आले की काम थांबे, म्हणून पुढे झेनॉन दिवा आला आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस आर्गॉन लेझर. मधुमेही नेत्रविकारातील अमेरिकी चाचणीने १९७६ मध्ये दाखवले की पडद्याच्या कडेला विखरून दिलेले लेझर गंभीर दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून अधिक घटवते. भाजलेला पडदा ऑक्सिजन मागत नाही, आणि रसायनही कमी पाझरते. कारण माहीत नसताना उपाय लागू पडला, अशी वैद्यकातली ही एकटीच गोष्ट नव्हे.

सिकलसेलमध्ये आधी पंख्याला रक्त पुरवणारी वाहिनीच भाजली जात असे, पण त्यात आतले पडदे फाटून नवाच त्रास होई. म्हणून पंख्याभोवती विखुरलेले लेझर पसंत केले जाते. शिवाय काही पंखे स्वतःच बुजतात, तेव्हा लहान पंख्यावर नुसती नजर ठेवणेही शहाणपणाचे.

इंजेक्शनची वाट २००४ मध्ये उघडली. त्या वर्षी आतड्याच्या कर्करोगासाठी मान्य झालेले, व्हीईजीएफला रोखणारे बेव्हासिझुमॅब मायामीचे फिलिप रोझेनफेल्ड यांनी २००५ मध्ये डोळ्यात दिले. २००६ मध्ये खास डोळ्यासाठीचे रॅनिबिझुमॅब आले, आणि २०१५ मध्ये अहमदाबादच्या इंटासने त्याचा स्वस्त जैवसदृश पर्याय भारतात आणला. रक्ताने डोळा धूसर झाल्यामुळे लेझरला पडदा दिसत नसेल, तेव्हा सिकलसेलमध्येही हे इंजेक्शन देतात. त्याचा परिणाम उतरला की ते पुन्हा द्यावे लागते. सातपुड्याच्या पाड्यावरून वारंवार पडद्याच्या डॉक्टरकडे जाणे किती जणांना जमेल, हा प्रश्न औषधाच्या गुणाइतकाच महत्त्वाचा आहे. त्यामुळे एकदोन बैठकांत आटोपणाऱ्या लेझरचे मोल इथे कमी होत नाही.

भारतातील रुग्णांत बहुधा गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जास्त राहते, त्यामुळे त्यांचा सिकलसेल आफ्रिकेतल्यापेक्षा अनेकदा सौम्य असतो. पंखे सर्वांत जास्त दिसतात ते ‘एससी’ प्रकारात (एक जनुक सिकलचे, दुसरे हिमोग्लोबिन सीचे), आणि तो भारतात विरळा आहे. तरी दोन्ही जनुके सिकलची असलेल्या ‘एसएस’ रुग्णाला धोका नाही असे नव्हे. पंखा कडेला असल्याने नजर शाबूत राहते आणि रक्त फुटेपर्यंत काहीच कळत नाही. वाचनाच्या तक्त्यावरची तपासणी इथे निरुपयोगी ठरते. बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडद्याची कड पाहावी लागते. अशी तपासणी दहाव्या वर्षापासून सुरू करून एक-दोन वर्षांनी पुन्हा करावी, असे अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. एरवी आजारी नसलेल्या वाहकाच्याही डोळ्याला मार लागून पुढच्या कप्प्यात रक्त साचले तर डोळ्याचा दाब झपाट्याने वाढू शकतो, म्हणून आपण वाहक आहोत हे त्याने डॉक्टरांना आधीच सांगायला हवे.